सद्भावनेचे कलम

'पूर्वी डॉक्टरांवर लोकांचा विश्वास होता, आता तो राहिला नाही,' हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या तऱ्हेच्या माणसांकडून ऐकले आहे की ते कुणी कुणाविरुद्ध उच्चारले हेही आता आठवत नाही. रुग्ण ते तक्रार म्हणून म्हणतात, डॉक्टर खंत म्हणून म्हणतात आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख दोन्हींची बेरीज करून म्हणतात. या वाक्यातले 'आता' सर्वांना दिसते. त्यातले 'पूर्वी' मात्र कुणी तपासत नाही. हे 'पूर्वी' नेमके केव्हा होते? माझ्या पिढीचे लोक साठ-सत्तरच्या दशकांकडे बोट दाखवतात. त्या काळातील लोकांच्या आठवणी वाचाव्यात तर ते आणखी मागे, आपल्या लहानपणाकडे बोट दाखवतात. असे मागेमागे सरकत गेले तर आपण अखेर आधुनिक वैद्यकाच्या महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या परीक्षेपाशी, म्हणजे १८९६ च्या प्लेगपाशी, येऊन थांबतो. आणि तिथे विश्वास नावाची वस्तू औषधालाही सापडत नाही.

त्याही मागे जाता येईल. वैद्याला साक्षात नारायण मानणारे वचन आपल्याकडे सर्वांना पाठ असते. पण त्याच संस्कृत परंपरेत वैद्याला यमाचा सख्खा भाऊ ठरवून, यम नुसते प्राण नेतो, हा प्राणांबरोबर पैसेही नेतो, असा टोला हाणणारे सुभाषितही आहे. ही दोन्ही वचने एकाच घरातली आणि बहुधा एकाच माणसाच्या तोंडची. एक दुखणे सुरू होताना म्हणायचे, दुसरे बिल आल्यावर. मराठीत 'हातगुण' हा जो सुरेख शब्द आहे, त्यातही हा दुहेरीपणा आहे. 'त्यांच्या हाताला गुण आहे' असे म्हणताना आपण शास्त्रावर विश्वास ठेवत नसतो, एका विशिष्ट हातावर ठेवत असतो. बाकीच्या हातांविषयी त्यात एक मौन असते. हे मौन लक्षात ठेवूनच प्लेगच्या वर्षाकडे वळू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण तपासले आणि हा प्लेग आहे असे सांगितले. पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती, पण ती रुग्णांची नव्हे, अधिकाऱ्यांची. बंदराच्या व्यापाराचे काय होईल ही चिंता होती. एकदा निदान मान्य झाल्यावर मात्र काटा दुसऱ्या टोकाला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिका आयुक्त स्नो यांनी अधिसूचना काढली. रोग्याला त्याच्या किंवा घरच्यांच्या संमतीविना रुग्णालयात हलवता येईल, घरे फोडून धुता येतील, असा तिचा आशय होता. रोग्यांना न्यायचे ते आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात. आज त्याच रुग्णालयाला आपण कस्तुरबा म्हणतो, आणि २०२० मध्ये मुंबईतील करोनाचे सुरुवातीचे संशयित तिथेच नेले गेले, हा योगायोग नोंदवून पुढे जातो.

आर्थर रोडला नेलेला माणूस सहसा परत येत नसे. याचे वैद्यकीय कारण साधे होते. लोक रोग्याला लपवून ठेवत, तो सापडे तेव्हा फार उशीर झालेला असे, म्हणून तो मरे. आणि तो मरे म्हणून लोक पुढच्या रोग्याला अधिक कसोशीने लपवत. पण गल्लीतल्या माणसाला दिसत होते ते एवढेच की गाडी येते, माणूस जातो, आणि नंतर त्याचे प्रेतही नीट मिळत नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा सुमारे हजारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. त्या दिवसांत ज्या अफवा पसरल्या होत्या त्या इतिहासकारांनी गोळा करून ठेवल्या आहेत. रुग्णालयात माणसांना उलटे टांगून त्यांच्या शरीरातून 'मोमियाई' नावाचे औषधी तेल काढतात, अशी एक अफवा. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासले होते. त्या अपमानाची भरपाई म्हणून राणीने रयतेची काळजे मागितली आहेत आणि डॉक्टर ती काढून पाठवतात, अशी दुसरी.

वर्गात हा भाग शिकवताना विद्यार्थी हमखास हसतात. मी त्यांना हसू देतो, आणि मग एवढेच विचारतो की या अफवेत चुकीचे काय आहे ते सांगा. काळीज काढले जात नव्हते, हे खरे. पण ज्या शरीरावर आपला हक्क आहे असे माणूस समजतो, ते शरीर एका दूरच्या सत्तेच्या गरजेसाठी उचलून नेले जात होते, आणि डॉक्टर त्या सत्तेचा नोकर होता, एवढी गोष्ट तर अफवेने अचूक सांगितली होती. अफवा तपशिलात खोटी आणि आशयात खरी असू शकते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागू नये.

मग कायदा आला. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा हा हिंदुस्थानच्या कायदेसंग्रहातील अत्यंत तोकड्या कायद्यांपैकी एक. अवघी चार कलमे. पहिल्यात नाव, दुसऱ्यात सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. चौथे कलम असे की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कुणाही व्यक्तीवर दावा किंवा कारवाई चालणार नाही. या लेखाचे शीर्षक त्या चौथ्या कलमावरून घेतले आहे. विश्वासाचा एवढा थोडक्यात लिहिलेला करारनामा दुसरा नसेल. फक्त त्यावर सही एकाच बाजूची होती. आमच्या मनात काय आहे ते आम्हीच सांगणार आणि तुम्ही ते मान्य करणार, असा त्याचा अर्थ.

या कलमाचा अर्थ पुण्याला लवकरच कळला. सातारहून आणलेले मुलकी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती प्लेग समिती सोपवली गेली आणि मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी पेठापेठांतून घरे तपासली. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, काहीच वगळले नाही. स्त्रियांच्या काखा-जांघांत गाठ आहे का ते पाहायचे, तेही अनेकदा परक्या पुरुषांच्या देखत. पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे: २२ जूनची गणेशखिंडीतील रात्र, रँड आणि आयर्स्ट यांचे मृत्यू, चाफेकर बंधूंची फाशी, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आणि अठरा महिन्यांची शिक्षा. हा इतिहास आपल्याकडे राष्ट्रीय चळवळीचा एक अध्याय म्हणून शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्या नादात एक गोष्ट निसटते. तो वैद्यकाच्या इतिहासातलाही अध्याय आहे. एका वैद्यकीय तपासणीमुळे माणसे गोळी झाडायला उभी राहिली.

प्लेग समितीच्या अहवालात एक नोंद समाधानपूर्वक केलेली आहे. कोणाही स्त्रीच्या शीलाचा हेतुपुरस्सर अवमान झाल्याची विश्वासार्ह तक्रार आलेली नाही, असा तिचा आशय. 'हेतुपुरस्सर' आणि 'विश्वासार्ह', हे दोन शब्द बाजूला काढून पाहा. पहिल्याने कृत्याचा न्याय कर्त्याच्या मनावर सोपवला. दुसऱ्याने तक्रारीचा न्याय ऐकणाऱ्यावर सोपवला. जिचा अवमान झाला ती या वाक्यात कुठेच नाही.

तिने बोलावे तरी कुठे? पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात आपल्या सदनातील मुलीला प्लेगच्या रुग्णालयात काय भोगावे लागले त्याविषयी जाहीर पत्र लिहिले. सरकारने ते फेटाळले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांचा आरोप तिथल्या वृत्तपत्रातून जगापुढे मांडला. परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांतला कुणीही नाव द्यायला तयार होईना. गोखल्यांनी त्याच वर्षी बिनशर्त माफी मागितली. या माफीने त्यांची पुढे कित्येक वर्षे टवाळी झाली. मला ती माफी त्या काळातल्या सर्वांत प्रामाणिक कृत्यांपैकी एक वाटते, आणि तरीही ती वाचताना अस्वस्थ होते. कारण घटना घडलीच नव्हती असे त्या माफीने सिद्ध होत नाही. घडलेली घटना सांगण्याची जागा नव्हती, एवढेच सिद्ध होते. तक्रार सिद्ध करण्याचा भार आणि तक्रार केल्याची लाज, दोन्ही एकाच बाजूला असल्यावर दुसरे काय होणार?

त्याच पुण्यात, त्याच मार्चमध्ये, दुसरेही काही घडत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या बाजूच्या वस्तीतला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणला, त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पाश्चात्त्य वैद्यक दोन्हीकडे तेच होते. गाठ तीच, ताप तोच, उपायही फारसे वेगळे नव्हते, कारण प्लेगवर तेव्हा खरा उपाय कुणाकडेच नव्हता. फरक एवढाच की एकीकडे माणसाला बंदुकीच्या पहाऱ्यात नेले जात होते आणि दुसरीकडे पाठीवर.

सरकारलाही हे हळूहळू उमजले, पण आणखी रक्त सांडल्यावर. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीत बारा वर्षांच्या एका आजारी मुलीला नेण्यासाठी पथक आले, घरच्यांनी नकार दिला, आणि त्यातून दंगल पेटून गोळीबार झाला. त्यानंतर सक्तीचा पीळ सैल होत गेला. जातीजमातींना स्वतःची प्लेग रुग्णालये काढण्याची मुभा आधीच मिळाली होती, ती आता धोरणच झाली. मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी, जैन अशा निरनिराळ्या समाजांची रुग्णालये निघाली; पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. तिथे स्वयंपाक आपल्या माणसाच्या हातचा, शेजारच्या खाटेवर आपला माणूस, आणि नातेवाइकाला आत येण्याची परवानगी. आधुनिक वाचकाला जातवार रुग्णालय हा शब्दच खुपेल, आणि खुपायलाच हवा. पण लोक रुग्णालयात जाऊ लागले ते अशा वाटेने, हे नाकारून चालणार नाही. आपल्याकडे आधुनिक वैद्यकावरील विश्वास शास्त्राच्या विजयातून आला नाही. जातीचा, शेजाराचा, ओळखीचा जो जुना विश्वास होता त्याच्या खांद्यावर बसून तो आला, आणि त्या जुन्या विश्वासाच्या कुंपणासकट आला.

लशीचीही हीच गोष्ट. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत व व्हरांड्यात त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. डॉक्टरने आधी स्वतःचा दंड पुढे करावा, यापेक्षा अधिक समजण्यासारखी भाषा नाही. पुढे आगाखानांनी लोकांसमोर टोचून घेतले आणि त्यांच्यामागोमाग हजारो खोजा पुढे आले. हाफकिनचे शास्त्र खोजांना कळले होते असे नव्हे. आगाखान त्यांना कळत होते. पण असा एका माणसामार्फत आलेला विश्वास एका बाटलीने सांडूही शकतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मेले. दोष प्रयोगशाळेचा की बाटली उघडणाऱ्या हाताचा, यावर पाच वर्षे वाद चालला. हाफकिन यांना पद सोडावे लागले, आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू लावून धरल्यावर त्यांच्यावरचा ठपका निघाला. बाटलीचे झाकण काढताना चिमटा जमिनीवर पडला होता, असे चौकशीत निघाले. एक चिमटा! आज परळला ज्या संस्थेला त्यांचे नाव आहे ते १९२५ मध्ये दिले गेले, तोवर ते हिंदुस्थान सोडून दहा वर्षे होऊन गेली होती.

आता त्या 'पूर्वी'कडे येऊ, जे आपल्या मनात खरोखर असते: फॅमिली डॉक्टरचा काळ. मिक्श्चरची बाटली, तिच्यावर डोसांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी, कंपाउंडर, घरी व्हिजिटला आलेल्या डॉक्टरांसाठी हात धुवायला ठेवलेले गरम पाणी आणि नवा टॉवेल. हे चित्र खोटे नाही. मी स्वतः त्या चित्रात वाढलो आहे. आमच्या डॉक्टरांना आजोबांची दम्याची सवय आणि आजीचा हट्ट दोन्ही पाठ होते, आणि ते बिल वर्षातून एकदा, तेही आठवण केल्यावर, पाठवत. पण या चित्राच्या चौकटीबाहेर कोण होते ते पाहायला हवे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनात्मक टिपणांत काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ मध्ये गांधीजींच्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. नगरशेटने दोन रुपये फीची हमी दिल्यावर तो आला, तोही वस्तीत पाऊल न टाकण्याच्या अटीवर. बाईला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच क्रमाने तो परत आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया असल्याचे सांगितले गेले. पुन्हा बोलावल्यावर डॉक्टर आला नाही. बाई गेली.

थर्मामीटर हे आधुनिक वैद्यकाचे सर्वांत निःपक्षपाती उपकरण. पारा कुणाची जात पाहत नाही. पण तो तीन हातांतून गेला, आणि त्यांतल्या प्रत्येक हाताने आपला इतिहास त्याला लावला. विश्वासाच्या सुवर्णयुगाविषयी बोलताना हा थर्मामीटर समोर ठेवावा असे मला वाटते. त्या शिक्षकाच्या बाबतीत 'विश्वास उडाला' हे क्रियापदच लागू पडत नाही. उडायला तो आधी बसावा लागतो.

आणि चौकटीच्या आत असलेल्यांचे काय? मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील दौंडला व्यवसाय करणारे डॉक्टर. स्थानिक डॉक्टरांनी फळ्या बांधल्या होत्या. वडिलांनी येऊन तो पाय योग्य आधारात ठेवला आणि मुलाला टॅक्सीत घालून सुमारे दोनशे मैलांवरच्या पुण्याला आणले. ९ मे रोजी त्याला तिथल्या एका अस्थितज्ज्ञांच्या रुग्णालयात दाखल केले. त्याच रात्री नऊच्या सुमारास तो मरण पावला. आई-वडिलांनी दावा लावला. भूल न देता, प्रवासाने थकलेल्या मुलाचा पाय तीन माणसांच्या मदतीने जोराने खेचून हाड बसवले आणि त्या धक्क्याने तो गेला, असे त्यांचे म्हणणे. आपण तेव्हा हाड बसवलेच नाही, केवळ पाय स्थिर केला आणि मृत्यू चरबीच्या गुठळीमुळे झाला, असे डॉक्टरांचे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे १९६८ मध्ये डॉक्टरांचे अपील फेटाळले गेले आणि खालच्या न्यायालयाने ठरवलेली ३,००० रुपयांची भरपाई कायम झाली. पक्षकारांची नावे कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत; इथे त्यांची गरज नाही.

पंधरा वर्षे आणि ३,००० रुपये. या आकड्यांचा संबंध पैशाशी नाही हे कुणालाही कळेल. त्या बापाला काय हवे होते? तो स्वतः डॉक्टर होता. अडाणी नव्हता, वैद्यकाविषयी त्याच्या मनात आकस असण्याचे कारण नव्हते. उलट विश्वास होता म्हणूनच दोनशे मैल तो मुलाला घेऊन आला. मला वाटते, त्या खोलीत काय झाले याचे उत्तर त्याला हवे होते, आणि व्यवसायबंधूच्या तोंडून ते मिळाले नाही म्हणून न्यायालयाच्या तोंडून ऐकायचे होते. त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली, ती आजही उद्धृत होतात: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, तिन्ही वेळी वाजवी काळजी. 'सद्भावना' हा शब्द तिथे पुरेसा नव्हता. साथरोग कायद्याने जे झाकून ठेवले होते, ते एका दुःखी बापाने उघडून दाखवले. आणि हे घडले ते नेमके आपल्या 'पूर्वी'त, फॅमिली डॉक्टरच्या ऐन काळात.

पुढचा भाग आपल्या डोळ्यांदेखतचा आहे, म्हणून झरझर सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने व्यवसायाच्या आतली बाजू मराठी वाचकापुढे मांडली आणि मोठी खळबळ उडाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांची दारे उघडली आणि डॉक्टर होण्याला एक किंमत आली. ती किंमत पुढे कुणाकडून तरी वसूल होणार हे कळायला अर्थशास्त्र लागत नव्हते. 'कट' हा इंग्रजी शब्द मराठीत एका नव्या अर्थाने रुळला. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतला वा मेंदूतला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमधून १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची साखळी उसवून दाखवली. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरचा हातगुण इथे कामाचाच नव्हता. त्या हाताच्या मागे आता पुरवठादार, निविदा, प्रयोगशाळा आणि मंत्रालय उभे होते, आणि रुग्णाला त्यांतले कुणीच दिसत नव्हते. तेच विष २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात सापडले. त्यांतली अनेक मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली होती.

१९८६ मध्येच ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते असे ठरवले. डॉक्टरांच्या संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला होता. डॉक्टर-रुग्ण नात्याला दुकानदार-गिऱ्हाइकाचे रूप आले, असे तेव्हापासून ऐकू येते. मला हा क्रम उलटा वाटतो. नाते आधी बदलले होते, न्यायालयाने त्याला उशिरा नाव दिले. मात्र एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने म्हणायला हवी. ग्राहकाला वस्तूची हमी देता येते, शरीराची देता येत नाही. ज्याला हमी मागितली जाते आणि देता येत नाही, तो माणूस कागद गोळा करू लागतो. जादा तपासण्या, जादा सह्या, जादा संदर्भपत्रे. वडिलांच्या शस्त्रक्रियेआधी मी असा एक चार पानांचा संमतीपत्राचा मजकूर सहीसाठी हाती घेतला होता. मी मराठी शिकवतो, मजकूर मराठीत होता, आणि मला तो कळला नाही. सही केली. समोरच्या तरुण डॉक्टरनेही तो वाचला नसावा असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. तो कागद आम्हा दोघांनाही एकमेकांपासून वाचवण्यासाठी होता.

डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून जे लिहिले, त्यात हीच कोंडी आतून दिसते: प्रामाणिक राहू पाहणारा डॉक्टर रुग्णाच्या संशयाने आणि रुग्णालयाच्या हिशेबाने एकाच वेळी पिळला जातो. मग हात उगारले जातात. महाराष्ट्राने २०१० मध्ये डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर रजेवर गेले. मार खाणारा बहुतेक वेळा असाच असतो: पंचविशीतला, रात्रपाळीचा, ज्याच्या हाती ना खाटा आहेत ना औषधे. आर्थर रोडवर चालून गेलेल्या गिरणी कामगारांनाही आयुक्त स्नो भेटले नव्हतेच.

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, केंद्र सरकारने वटहुकूम काढून १८९७ चा तोच साथरोग कायदा दुरुस्त केला. सप्टेंबरमध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला आता पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या कायद्याने एकेकाळी घरात घुसणाऱ्यांना संरक्षण दिले, तोच आता रुग्णालयात घुसणाऱ्यांपासून संरक्षण देऊ लागला. दुरुस्तीने तिसऱ्या कलमाला बरीच नवी पोटकलमे जोडली: दखलपात्र गुन्हा, तपासाची मुदत, मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई. चौथ्या कलमाला मात्र कुणी हात लावला नाही. सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही, हे वाक्य फेब्रुवारी १८९७ मध्ये जसे होते तसेच त्याच्या खाली उभे आहे.